एकट्याचं संगीत नाटक, तेही स्वतःवरचं : टाळी नेमकी कशाला द्यायची?

तिसरी घंटा (धागाकर्ती)

अलीकडे एका विशिष्ट जातीच्या नाटकांच्या नादाला लागले आहे. रंगमंचावर माणूस एकच. गोष्ट त्याची स्वतःची, सांगणारा तोच, गाणाराही तोच. साथीला एखादा पियानो किंवा चार वादक, कधी तेही नाहीत. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हा प्रकार चांगलाच रुजलाय. आपल्याकडे एकपात्री भरपूर आणि संगीत नाटकाचं वेड तर पिढीजात. पण दोन्ही एकत्र आणि वर आत्मचरित्र, असं फारसं पाहण्यात येत नाही.

धागा मात्र काढतेय तो प्रेक्षकांबद्दल.

अमेरिकन नटी एलेन स्ट्रिचचा 'ॲट लिबर्टी' हा प्रयोग चित्रीकरणात पाहिला. २००१ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, गेला. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, अंगात पांढरा शर्ट, खाली काळे टाइट्स, सोबतीला एक उंच स्टूल. संपला नेपथ्याचा खर्च. दारूच्या गोष्टी सांगते. रंगमंचावर जायची धास्ती वाटायची म्हणून प्यायची, ते सांगते. किस्से असे काही रंगवते की मी एकटी बसून खो खो हसत होते. आणि मग पुढच्याच वाक्याला लक्षात येतं, अरे, ही बाई आपलं अर्धं आयुष्य वाया कसं गेलं ते सांगतेय आणि आपण दात काढतोय.

इथपासून माझी पंचाईत सुरू होते. अशा नाटकात एखादं गाणं फसलं तर 'फसलं' म्हणवत नाही. कारण ते गाणं त्याच्या वारलेल्या बापावरचं असतं, किंवा तिच्या आजारपणावरचं. बाप गेल्याच्या गाण्याला 'दुसरं कडवं जरा ओढलंय हो' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, तेव्हा आपण बसून राहिलो तर आपण दगड ठरतो.

तुम्ही असं काही पाहिलंय का? पाहताना काय झालं तुमचं? आणि टाळी दिलीत ती माणसाला, की नाटकाला?

---

विंगेतला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चिकित्सक येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

---

खालचा सा

चांगला विषय. मी गाण्यांना साथ करतो (पेटी आणि की-बोर्ड दोन्ही), त्यामुळे मला हे जरा वादकांच्या खड्ड्यातून दिसतं.

ताई, आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुमचं अपराधी वाटणं थोडं कमी होईल. टाळी बऱ्याच वेळा तुम्ही देत नसता, ती तुमच्याकडून काढून घेतलेली असते. ब्रॉडवेच्या पद्धतीच्या गाण्याचा शेवट ऐका. शेवटचा सूर लांबवतात, क्षणभर सगळं थांबतं, मग सगळ्या वाद्यांचा मिळून एकच ठोका पडतो आणि नेमका त्याच वेळी प्रकाश बदलतो. तिथे हात आपोआप उठतात. आपल्याकडे तिहाई घेऊन समेवर आलं की दाद जाते तसंच. रसिकतेचा प्रश्नच येत नाही, अंगातच भिनलेलं असतं ते.

आता एकपात्री आत्मचरित्रात गंमत अशी की चांगला संगीतकार दुःखाच्या गाण्यातून हा ठोका काढून टाकतो. शेवटची ओळ अधांतरी सुरावर सोडायची, साथ खालच्या आवाजात तशीच घोळत ठेवायची आणि नटाने त्यावरच बोलायला लागायचं. टाळीला फटच मिळत नाही. प्रेक्षक ती टाळी पोटात घेऊन पुढे जातो. मग पाच-सात मिनिटांनी एखादं हलकंफुलकं गाणं येतं, त्याला व्यवस्थित ठोका असतो, आणि नाट्यगृह फुटतं. लोकांना वाटतं ते हलकं गाणं फार आवडलं. ती टाळी मागच्या गाण्याची असते.

म्हणून कुणी मला म्हटलं की 'बापाच्या गाण्यालाही कडकडाट झाला', तर मी आधी विचारतो, शेवट कसा केला होता? ठोका ठेवला असेल तर तो निर्णय आहे. कुणीतरी तालमीत बसून ठरवलंय की इथे टाळी हवी. आणि ते ठरवलेलं आहे म्हटल्यावर त्याला नावं ठेवायलाही हरकत नसावी.

---

नभा

खालचा सा, पोटातली टाळी हे अगदी पटलं. माझ्या डोक्यात लगेच अमेरिकन गायिका-नटी लेना हॉर्नचं उदाहरण आलं.

१९८१ मध्ये ब्रॉडवेवरच्या नेदरलँडर थिएटरात तिचा 'द लेडी अँड हर म्युझिक' सुरू झाला, ३३३ प्रयोग झाले, खास टोनी पुरस्कार मिळाला. अगदी काटेकोर एकपात्री नव्हता, मागे थोडे गायक-नर्तक होते, पण गोष्ट तिची आणि तिचीच. हॉलिवूडने काळी नटी म्हणून तिला कसं वापरलं, वगैरे. त्यात ती 'स्टॉर्मी वेदर' हे तिचं सर्वांत गाजलेलं गाणं दोनदा गाते. पहिल्यांदा पूर्वी गायची त्या वळणाचं, गुळगुळीत, नीटनेटकं. दुसऱ्यांदा, प्रयोग बराच पुढे गेल्यावर, पोटातून, ओरबाडून काढल्यासारखं.

गाणं तेच. दुसऱ्यांदा ऐकताना आपल्याला मधलं आयुष्य ठाऊक झालेलं असतं, आणि तीही ते ठाऊक असल्यासारखी गाते. तिसरी घंटा विचारतेय ना, टाळी माणसाला की नाटकाला? इथे तर ते वेगळं काढताच येत नाही. पहिलं गाणं ऐकलं नसतं तर दुसऱ्याचा धक्का बसला नसता, आणि ही जुळणी नाटकाची आहे. नुसतं 'मी फार सोसलं' असं सांगून हे झालं नसतं.

---

चिकित्सक

आलो. विंगेतले, पॉपकॉर्न इकडे सरकवा.

माझं मत या प्रकाराबद्दल वाईट आहे आणि ते मी लपवत नाही. नाटकात निदान दोन बाजू लागतात. इथे एकच माणूस वकील, तोच साक्षीदार, तोच न्यायाधीश, आणि वर तोच पार्श्वसंगीतही देतो. साक्षीत पोकळी दिसली की गाणं सुरू.

रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'स्प्रिंगस्टीन ऑन ब्रॉडवे' घ्या. ऑक्टोबर २०१७ ते डिसेंबर २०१८, २३६ प्रयोग. जिथे हजारही माणसं मावत नाहीत अशा वॉल्टर कर थिएटरात, आणि तिकिटं ७५ पासून ८५० डॉलरपर्यंत. म्हणजे आत कोण येणार? आधीच प्रेमात पडलेला माणूस. त्याने रडून दाखवलं म्हणजे नाटक चांगलं झालं, हा पुरावा होऊच शकत नाही. आणि २३६ वेळा जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, वडिलांची तीच आठवण. ज्याला आपण 'मन मोकळं करणं' म्हणतो ते पाठ कसं असू शकतं?

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचल्यात? 'किती खरं', 'किती प्रामाणिक', 'किती धाडसी'. एकाही प्रतिक्रियेत चाल कशी होती, शब्द कसे होते, मधला भाग कुठे सैल पडला, यावर चकार शब्द नाही. हे नाट्यरसिकाचे अभिप्राय नाहीत, सांत्वनपर पत्रं आहेत.

---

निमशहाणा

सांत्वनपर पत्रं :D :D

धागाकर्तीला आमच्यातर्फे एक पुष्पगुच्छ. (दिवा घ्या)

---

तिसरी घंटा

चिकित्सक, सांत्वनपर पत्रांवर मी हसले आणि मग जरा चिडले. कारण मीही असंच एक पत्र लिहिलं होतं मनातल्या मनात.

पण स्प्रिंगस्टीनवर तुम्ही अन्याय करताय. तो प्रयोग सुरू होतानाच तो स्वतःची पोल खोलतो. आयुष्यभर कारखान्यातल्या कामगारांची गाणी लिहिली आणि कारखान्याचं तोंड आतून पाहिलेलं नाही, हे तोच सांगतो. म्हणजे 'मी खरं सांगतोय' असा दावा करण्याआधी तो सांगतो की मी रचणारा माणूस आहे. मग पाठ असण्याला आक्षेप कसा? पाठ असणारच. तुम्हाला काय, रोज नव्याने आठवून रडलेलं हवं होतं?

स्ट्रिचच्या प्रयोगाचं श्रेयही असंच गमतीदार छापलेलं असायचं. जॉन लार यांनी रचलेलं, एलेन स्ट्रिचने पुन्हा रचलेलं. आयुष्य बाईचं, पण रचलं आधी दुसऱ्याने, आणि मग बाईने ते पुन्हा आपल्या ताब्यात घेतलं. लपवाछपवी कुठेच नाही.

---

खालचा सा

पाठ असण्याबद्दल. साथीदार म्हणून सांगतो, तुम्हाला जिथे नट गहिवरला असं वाटतं तिथे आम्ही स्वर धरून बसलेलो असतो. त्याचा गहिवर किती लांबेल याचा आम्हाला बऱ्यापैकी अंदाज असतो. याचा अर्थ तो खोटा असतो असं नाही. पण तो खरोखर कोसळला तर पुढचं गाणं कोण म्हणणार? दुसरं पात्र नाही की जे आत येऊन सावरेल. एकपात्री गायक-नटाला रडणं परवडत नाही. गळा दाटला की सूर जातो, हे साधं शरीराचं गणित आहे. त्यामुळे जो रडू आवरून गातोय तो जास्त कष्ट करतोय, आणि बहुतेक वेळा तिथेच प्रेक्षक रडतो.

आणि बोलण्यातून गाण्यात शिरताना लक्ष देऊन ऐका कधीतरी. गाणं सुरू व्हायच्या दोन-तीन वाक्यं आधी चांगला नट बोलण्याची पट्टी हळूहळू पहिल्या सुरापाशी आणतो. तुम्हाला कळतही नाही तो गायला कधी लागला. ज्याला हे जमत नाही त्याचं 'आता मी गाणार हं' असं उघड दिसतं आणि लोक खुर्चीत चुळबुळ करतात. ही चुळबुळ मला कोणत्याही परीक्षणापेक्षा जास्त कळते.

---

पिटातला म्हातारा

उशिरा आलो, पण दोन शब्द टाकतो.

आमच्या पिढीला हा सगळा पेच नवलाचा वाटतो. आपल्या संगीत नाटकात नटाचं आयुष्य विंगेत ठेवून यायचं असे. बालगंधर्वांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेलेली. प्रयोग झाला. त्यांनी केलेली नायिका, भामिनी, उभी राहिली, गायली, लोकांनी दाद दिली. दाद भामिनीला होती. त्या दुःखावर त्यांनी गाणं केलं नाही आणि कुणी तशी अपेक्षाही धरली नाही.

आज मात्र तुम्ही-आम्ही ती पदं ऐकतो तेव्हा ती हकीकत डोक्यात असतेच. म्हणजे आत्मचरित्र नटाने घातलं नाही तरी रसिक घालतोच.

दुसरं, वन्स मोअर. संगीत नाटकात वन्स मोअर आला की गाणं पुन्हा. मेलेलं पात्र उठून, पद म्हणून, पुन्हा मरे, अशा ऐकीव गमती आम्ही पुष्कळ सांगायचो. आता या तुमच्या प्रकारात विचार करा. माणूस आईच्या शेवटच्या दिवसांवर गायला, अप्रतिम गायला, आणि मागून मी ओरडलो 'वन्स मोअर'. लोक मला उचलून बाहेर टाकतील! पण गाणं आवडल्याची याहून सरळ पावती आमच्याकडे नव्हती हो. मग त्या बिचाऱ्या गायकाला, तू गायलास फार सुंदर, हे सांगायचं कसं?

---

विंगेतला

आजोबा, तुम्ही ओरडाच. मी मागून अनुमोदन देतो.

---

गवाक्ष

इथे कुणी 'द लायन'चं नाव कसं नाही काढलं?

बेंजामिन शॉयर नावाचा गीतकार-गायक. सहा गिटारी आणि तो. लहानपणी वडिलांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण वापरून त्याला खेळण्यातला बँजो करून दिलेला असतो, तिथून गोष्ट सुरू होते. तेरा वर्षांचा असताना वडील अचानक जातात, आणि जातात ते दोघांमधलं भांडण मिटायच्या आधी. पुढे विशी सरता सरता त्याला स्वतःला कर्करोग होतो, हॉजकिन्स लिंफोमा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला झालं, २०१५ मध्ये एकल प्रयोगासाठीचा ड्रामा डेस्क पुरस्कार मिळाला.

आता खरी गंमत. २०२२ मध्ये लंडनच्या साउथवर्क प्लेहाउसला हेच नाटक पुन्हा झालं, आणि करणारा माणूस दुसरा! मॅक्स अलेक्झांडर-टेलर. तोच 'मी', तेच वडील, तोच आजार, आणि समोर उभा आहे तो असा माणूस, ज्याची ही गोष्टच नाही.

मी ते तिथे पाहिलं. सुरुवातीला मी मुद्दाम अंतर ठेवून बसले होते. म्हटलं, हा काही तो नाही. मग कुठल्याशा गाण्यानंतर त्याने गिटार खाली ठेवली, दुसरी उचलली, कान लावून एक तार जराशी पिळली, आणि मला कळलं की मी श्वास धरून बसलेय. तार जुळवायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्या वेळात मला त्या मुलाच्या बापाची काळजी लागली होती. नटाच्या बापाशी मला काय करायचंय!

तेव्हा चिकित्सक, तुमच्या वकील-साक्षीदार-न्यायाधीश आरोपाचं आता काय करायचं? साक्षीदार बदलला, खटला तोच राहिला, आणि माझ्यापुरता निकालही तोच लागला.

---

चिकित्सक

गवाक्ष, हा मुद्दा चांगला आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. दुसऱ्या नटाच्या तोंडी टिकलं म्हणजे ते संहिता म्हणून उभं आहे. माझी मागणी तेवढीच आहे. प्रत्येक आत्मचरित्रपर एकपात्रीला ही परीक्षा लावा. मूळ माणूस बाजूला काढा, परका उभा करा. जे उरेल ते नाटक, जे गळेल ते सांत्वनपर पत्रांचं सामान. माझा अंदाज, निम्मी नाटकं पहिल्याच गाण्याला गळतील.

---

टाळकरी

चिकित्सकदादा, ही परीक्षा आपल्याकडे शतकानुशतकं चालू आहे आणि तुम्ही रोज उत्तीर्ण होणाऱ्यांना विसरताय.

तुकोबांचे आत्मपर अभंग. दुष्काळ, व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली. यापेक्षा उघडं आत्मचरित्र कोणतं? आणि ते आज कोण गातं? कीर्तनकार. त्याच्या घरी कदाचित सगळं क्षेमकुशल असेल. तो 'मी' म्हणूनच गातो, आणि ऐकणारा डोळे पुसतो. कुणीही विचारत नाही की बुवा, तुमचं दिवाळं कधी निघालं होतं. संत बहिणाबाईंनी तर स्वतःचं आयुष्यच अभंगांत सांगून ठेवलंय, नवऱ्याच्या मारहाणीसकट.

रंगमंचावरही आहेच की. सुषमा देशपांडे 'व्हय, मी सावित्रीबाई' करायच्या तेव्हा एकटी बाई 'मी' म्हणून दुसरीचं आयुष्य सांगायची. सदानंद जोशींचं 'मी अत्रे बोलतोय' तसंच. परका 'मी' ऐकायची आपल्या कानांना सवय आहे. उलट खुद्द तो माणूसच समोर आला की आपण अवघडतो. मला वाटतं तिसरी घंटाताईंची अडचण तीच आहे.

---

नभा

टाळकरी, सुरेख. पण एक फरक राहतो. कीर्तनात गाणाऱ्याने 'तुका म्हणे' असं म्हटलं की नाव लागतं, पडदा राहतो. खुद्द माणूस गातो तेव्हा तो पडदा नसतो. गोष्ट संपल्यावर तो इथेच, वीस फुटांवर, घाम पुसत उभा असतो आणि माझ्याकडे बघतो. मला त्याच्या नजरेचं दडपण येतं. टाळी न देणं म्हणजे त्याला तोंडावर 'तुझं दुःख पुरेसं नाही' म्हणण्यासारखं वाटतं.

---

सावली

मी फार नाटकं पाहत नाही, पण एक गोष्ट कुणीच बोलली नाही म्हणून लिहिते.

या गोष्टींमध्ये आई असते, भाऊ असतो, सोडून गेलेली बायको असते. त्यांना रंगमंचावर जागा नाही. त्यांचे आवाजही नायकच काढतो, बहुतेक जरा हास्यास्पद करून. लोक हसतात. मी हसत नाही, मला त्या बायकोचं काय झालं असेल असं वाटत राहतं. ती कधी हे बघायला आली असेल का? तिसऱ्या रांगेत बसून स्वतःची नक्कल ऐकताना तिने टाळी दिली असेल का?

ज्या प्रयोगात गायक मान्य करतो की 'हे माझ्या बाजूने आहे, तिला विचाराल तर ती वेगळं सांगेल', तिथे मी सैल होते. एक वाक्य पुरतं मला. पण ते एक वाक्य फार थोडे जण खर्च करतात.

---

तिसरी घंटा

सावली, तुम्ही नाटकं कमी बघता आणि बघता तेव्हा माझ्यापेक्षा बरंच जास्त बघता असं दिसतंय.

नट अँथनी रॅपचा 'विदाउट यू' हा प्रयोग आठवला. त्यात दोन मृत्यू आहेत, त्याच्या आईचा आणि 'रेंट' या संगीत नाटकाचा कर्ता जोनाथन लार्सन याचा. स्वतः कामापायी कुठे होतो, आईपाशी किती राहिलो, हा हिशेब तो मांडतो असं वाचलंय. प्रयोग पाहायला मिळालेला नाही, म्हणून यापुढे बोलत नाही. कुणी पाहिला असेल तर लिहा.

---

गवाक्ष

लार्सनचं नाव निघालंच आहे तर चिकित्सकांच्या परीक्षेला आणखी एक उमेदवार देते. 'टिक, टिक... बूम!'

हे मुळात लार्सनचं एकट्याचं होतं. १९९० मध्ये, स्वतः पियानोवर बसून, बँडच्या साथीने. तिशी आली, अजून काही हाती लागलेलं नाही, हॉटेलात काम करतोय, लिहिलेलं संगीत नाटक कुणी उचलत नाही, मित्र पैसे कमवायला लागलेत, आपण हे सोडावं का. एवढंच. तेव्हाच्या प्रेक्षकाला समोर दिसत असणार तो एक अस्वस्थ, कुरकुरणारा, हुशार पोरगा.

२५ जानेवारी १९९६ ला, 'रेंट'च्या पहिल्या जाहीर प्रयोगाच्या आदली रात्र संपून दिवस उजाडताना, तो पस्तिसाव्या वर्षी गेला. 'रेंट' पुढे बारा वर्षं ब्रॉडवेवर चाललं. आणि २००१ मध्ये त्याचं ते जुनं एकट्याचं नाटक नाटककार डेव्हिड ऑबर्न यांनी तीन नटांसाठी नव्याने बेतलं.

आता तीच गाणी ऐका. वेळ निघून चाललाय असं तो म्हणतो तेव्हा १९९० च्या श्रोत्याला ती तिशीची कुरकुर होती. आपल्याला ते ऐकवत नाही. कुरकुर तीच आहे. प्रेक्षक बदलला. लार्सनने ही गाणी 'मी लवकर जाणार' म्हणून लिहिलीच नव्हती, तरी आपण त्याच्यावर ते लादतो आणि रडतो. मग हे रडणं कुणाच्या खात्यावर मांडायचं? त्याच्या नाटकाच्या तर नक्की नाही.

---

पिटातला म्हातारा

हेच मी मघाशी भामिनीबद्दल म्हणत होतो. तुम्ही जरा जास्त नीट म्हणालात.

---

खालचा सा

गवाक्ष, अर्धा सहमत. लार्सनच्या गाण्यांत घड्याळाची टिकटिक साथीतच विणलेली आहे. नावातही आहे. ती अस्वस्थता त्याने लिहिलेली आहे, आपण बाहेरून आणलेली नाही. आपण फक्त तिचं कारण बदललं. चांगल्या बांधणीच्या गाण्यात अशी जागा असते की ऐकणारा आपलं ओझं तिथे ठेवू शकतो. फसलेल्या गाण्यात नसते, मग माहिती कितीही भयंकर असो. लार्सनसारखंच मरण वाट्याला आलेल्या एखाद्या सुमार संगीतकाराचं नाटक आज कुणी काढून बघत नाही, यातच काय ते आलं.

---

चिकित्सक

खालचा सा, सिद्ध करा. तोंडी नको.

माझा भाचा एकवीस वर्षांचा आहे. संगीत भरपूर ऐकतो, ब्रॉडवे वगैरेशी काडीचा संबंध नाही. लार्सन कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. या नाटकावरचा चित्रपट दाखवत नाही, कारण त्यात माणूस गेल्याचं आधीच कळतं. २००१ च्या तीन नटांच्या संचाचं ध्वनिमुद्रण आहे, तेच ऐकवतो. काहीही न सांगता. बघू सांत्वनाशिवाय किती टिकतं ते.

---

विंगेतला

धाग्याला पहिल्यांदाच प्रयोगशाळा लाभली. भाच्याचे हाल होऊ देऊ नका.

---

निमशहाणा

पॉपकॉर्न संपले. नवीन आणतो.

---

सावली

एक विनंती. भाच्याला 'कसं वाटलं' असं विचारू नका, तो चांगलंच म्हणेल. 'कुठे कंटाळा आला' असं विचारा.

---

नभा

सावली +१. हा प्रश्न मी आता माझ्या सगळ्या नाटकवेड्या मित्रमंडळींना विचारणार.

---

चिकित्सक

अहवाल.

रविवारी ऐकवलं. सावलीताईंनी सांगितला तसाच प्रश्न विचारला. उत्तर जसंच्या तसं देतो, पदरचं काही घातलेलं नाही.

पहिलं तिशीवरचं गाणं त्याला आवडलं. दोनदा लावलं. 'याचा ताल पळवतो, थांबू देत नाही' असं म्हणाला (खालचा सा, हा गुण तुमचा). मधल्या दोन-तीन गाण्यांत मोबाइल बघितला. एका गाण्याला मनापासून हसला. शेवटाकडे मोबाइल ठेवून दिला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. कंटाळा कुठे आला? 'हा माणूस रडगाणं फार गातो. तीस म्हणजे काय म्हातारपण आहे का? वेळ आहे की बक्कळ त्याच्याकडे.'

मग मी सांगितलं, लार्सन पस्तिसाव्या वर्षी गेला.

भाचा दोन मिनिटं काही बोलला नाही. मग माझ्यावरच भडकला. म्हणाला, 'आधी सांगायचं ना मामा. मी रडगाणं म्हणालोच नसतो.'

---

तिसरी घंटा

त्याला सांगा, मधल्या दोन-तीन गाण्यांबद्दलचं मत आता बदलू नकोस म्हणावं. आणि ती कोणती, तेवढं विचारून इथे लिहा.

---

खालचा सा

मला सांगायची गरज नाही, मी लिहून ठेवतो आणि भाच्याशी ताडून बघतो. त्याला धाग्यावरच आणा, चिकित्सक. आम्हाला असा माणूस कमी पडतोय.